ज्युनियर गोल्फच्या इंटरनॅशनल स्पर्धा: आपल्या ठाण्या-नवी मुंबईच्या पोरांचं काम आहे का हे?

कोलशेतकर

मंडळी, गोल्फवर धागा काढतोय म्हणून लगेच फिदीफिदी हसू नका. लेक आठवीत आहे. तिच्या मामाने मागच्या वर्षी सहज म्हणून खारघरला सिडकोच्या कोर्सवर नेलं, तिथे सरावाच्या रेंजवर चार बॉल मारले आणि पोरगी जी वेडी झालीय ती झालीच. आता घरी आमच्या मालिका बंद आणि यूट्यूबवर तिकडच्या पोरापोरींच्या मॅचेस चालू. तिच्याकडूनच कळलं की ब्रिटिश ओपन जिथे असते त्याच्या आसपासच्या एखाद्या कोर्सवर एक वर्षाआड ज्युनियर ओपन म्हणून स्पर्धा होते, १६ वर्षांखालची मुलं-मुली, आणि प्रत्येक देशाच्या संघटनेने एक मुलगा आणि एक मुलगी पाठवायची. १९९४ ला सुरू झाली, २००० पासून 'आर अँड ए' या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेकडे आहे, तीन राउंडची असते. परवा जेवताना विचारते, बाबा, आपल्या देशाकडून ती एक मुलगी कशी ठरते? आता मी बँकेत कर्जाच्या फायली बघणारा माणूस, मला काय कप्पाळ माहीत असणार.

तर प्रश्न असा, की नोकरदार घरातल्या, कुठल्याही क्लबची मेंबर नसलेल्या पोरीने या वाटेला जावं का? पोचण्याची काही खरी शक्यता असते की आपण नुसते पैसे भरत बसायचं? बायकोचं म्हणणं बॅडमिंटनला घाल, कॉम्प्लेक्समध्येच कोर्ट आहे, खाली उतरलं की खेळ. कोणाची मुलं खेळत असतील तर प्लीज सविस्तर लिहा.

मिसळीचा_कट

पहिला!

बाकी गोल्फमधलं मला एकच कळतं, जितके कमी तितकं चांगलं. आमचे चिरंजीव गणितात हाच खेळ खेळतायत, पाठवू का स्कॉटलंडला?

घणसोली_एक्सप्रेस

हहपुवा.

कोलशेतकर, वाचतेय. माझ्या भावाची मुलगी पण मागे लागलीय, त्यामुळे माहिती आली तर हवीच आहे.

निवृत्त_नाना

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हा साहेब लोकांचा आणि आता बिल्डर लोकांचा खेळ. ज्यांच्या बापजाद्यांची मेंबरशिप आहे त्यांची पोरं खेळतात, परदेशात जातात, फोटो छापून येतात. आपण कबड्डी, खो-खो, फार तर टेबल टेनिस. दादोजी कोंडदेव स्टेडियमला सकाळी जाऊन बघा, किती पोरं घाम गाळत असतात, त्यातल्या किती जणांना धड बूट मिळतात. तिथे पैसा गेला पाहिजे. एका माणसाला एक बॉल मारायला एवढी हिरवळ लागते हेच मला पटत नाही.

बाहत्तर_पार

नाना, तुमचा मुद्दा पुढे घेतो, आधी कोलशेतकरांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. मी स्वतः हौशी, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) सांगण्यासारखा नाही, पण ज्युनियर स्पर्धांना स्कोअरिंगच्या टेबलावर बसून बसून बरंच बघितलंय.

भारतात हौशी गोल्फ इंडियन गोल्फ युनियन बघते, १९५५ पासूनची संस्था आहे. त्यांच्या ज्युनियर स्पर्धा देशभर वेगवेगळ्या कोर्सवर होतात, वयोगट पाडलेले असतात, प्रत्येक स्पर्धेचे गुण मिळतात आणि त्यातून मेरिट लिस्ट बनते. बाहेरच्या स्पर्धांना पाठवायची मुलं तिथे वरती असलेल्यांतूनच येतात. म्हणजे "ती एक मुलगी कशी ठरते" याचं उत्तर, वर्षभर ठिकठिकाणी जाऊन सातत्याने कमी स्कोअर आणणारी ठरते. एका दिवशी भारी खेळून काही होत नाही.

आता स्पर्धांचे प्रकार पण वेगवेगळे आहेत. ज्युनियर ओपनला देशच पाठवतो, तुम्ही स्वतः जाऊ शकत नाही. अमेरिकेची यू एस ज्युनियर अमॅच्युअर १९४८ ची आणि मुलींची यू एस गर्ल्स ज्युनियर १९४९ ची, या १९ वर्षांखालच्या, बाहेरच्या देशाची मुलंही खेळू शकतात पण हँडिकॅप लागतो आणि बहुतेकांना क्वालिफाय व्हावं लागतं. तिथे दोन दिवस स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटके मोजून, मग वरचे ६४ जण मॅच प्लेला, म्हणजे समोरासमोर बाद फेरी. टायगर वूड्सने ती १९९१, ९२, ९३ अशी सलग तीनदा जिंकली. मुलींमध्ये हॉलिस स्टेसीने तर त्याच्या कितीतरी आधी, १९६९ ते ७१, तीनदा सलग जिंकलेली, पण तिचं नाव कोणी घेत नाही. आणि तिसरा प्रकार म्हणजे फी भरून नाव द्यायच्या स्पर्धा. त्यात काही खरंच तगड्या, काही नुसत्या नावाला "वर्ल्ड" लावलेल्या. पालक फसतात ते इथे.

कोलशेतकर

धन्यवाद साहेब, एवढं तर कोणीच सांगितलं नव्हतं. ते फसणं जरा उलगडून सांगाल का?

खारघरची_माई

मी सांगते. आमच्या सोसायटीतल्या एका कोचने (नाव घेत नाही) पोराला परदेशी स्पर्धेचं निमंत्रण आलंय म्हणून केवढा गाजावाजा केला, व्हॉट्सॅप ग्रुपवर अभिनंदनाचे पुष्पगुच्छ, आईवडील हरखलेले. नंतर कळलं की ते निमंत्रण ज्याने फॉर्म भरला त्या प्रत्येकाला आलेलं. पोरगं बिचारं जाऊन खेळून आलं, शिकलंही असेल काही, पण तेवढ्या पैशात देशातल्या कितीतरी स्पर्धा झाल्या असत्या. तेव्हा आधी विचारायचं की या स्पर्धेला वर्ल्ड अमॅच्युअर रँकिंगचे गुण आहेत का. प्रश्न ऐकून कोचचा चेहरा पडला तर समजून जायचं.

सातारा_ते_सॅनडिएगो

माई, सहमत, पण फी भरून खेळायच्या सगळ्याच स्पर्धांना एका माळेत ओवू नका. मी जिथे राहतो तिथे टॉरी पाइन्सला आणि आसपासच्या कोर्सवर दर जुलैमध्ये ज्युनियर वर्ल्ड होते, १९६८ पासूनची. टायगर इथे लहानपणी सहा वेळा जिंकलाय. मी ऑफिसमधल्या एका कोरियन सहकाऱ्याबरोबर बघायला जातो. दृश्य बघण्यासारखं असतं. सहा-सात वर्षांची पिल्लं कमरेएवढ्या बॅगा ओढत चाललेली, मागे बाप दोन्ही हात पाठीशी बांधून, कारण बोलायची सोय नाही. आया झाडाआड उभ्या राहून बघतात, पोराने बघितलं की तोंड फिरवतात.

२०१५ ला आपल्या हरियाणातल्या इसराना गावचा शुभम जगलान त्याच्या वयोगटात इथे जिंकला. वय वर्षं दहा. वडील दुधाचा धंदा करणारे. तेव्हा इथल्या देशी मंडळींमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तेव्हा नाना, बापजाद्यांची मेंबरशिप नसलेलं पोरही पोचतं.

निवृत्त_नाना

एक पोचला की त्याचं नाव दहा वर्षं पुरतं. बाकीच्यांचं काय?

मिसळीचा_कट

नानांचा हा शॉट थेट होलमध्ये.

कॅडीचा_मुलगा

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. नाना, तुम्ही अर्धं बरोबर बोललात.

माझे वडील चेंबूर भागात कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्या साहेबांची बॅग उचलणारे. आमच्या वस्तीतली पोरं सळई वाकवून तिला सायकलची ट्यूब गुंडाळून काठी करायची, प्लास्टिकचा बॉल, आणि गल्लीत नाहीतर पत्र्यावर कोर्स. एक होल गटाराच्या झाकणापाशी, एक नळाच्या कट्ट्याच्या मागे, एक कोणाच्या तरी दारात, ती बाई बादली घेऊन बाहेर यायच्या आत बॉल पट करून होलात घालायचा. त्या अरुंद जागेत खेळून पोरांचे हात इतके साफ झालेले की वडिलांचे साहेब बघून थक्क व्हायचे. अली शेर पण कॅडीच होता आणि १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू तोच. म्हणजे खेळ आमच्याकडे होताच.

मग आमच्यातलं कोणी ज्युनियर स्पर्धांत का नाही दिसलं? सळईमुळे नाही. सळईच्या जागी साहेबांचे जुने क्लब मिळायचे, साहेब लोक तेवढे दिलदार होते. अडायचं ते हँडिकॅपवर. फॉर्मवर पहिला रकाना तोच, आणि तो देणार क्लब, आणि क्लबात आम्ही मागच्या गेटने जाणारी माणसं. खेळ येणं ही एक गोष्ट आणि तो कागदावर असणं ही दुसरी. माझा एक मित्र माझ्यापेक्षाच काय, मेंबरांच्या पोरांपेक्षाही सरस खेळायचा. तो आज वाशीला मार्केटमध्ये टेम्पो चालवतो आणि अजून रविवारी सकाळी चिप मारायला मिळाली तर सोडत नाही.

कोलशेतकर, तुम्हाला सांगायचं एवढंच की महागडा सेट, शूज, टोपी हे सगळं नंतर. आधी पोरीचा हँडिकॅप काढा. तो कुठून निघेल ते विचारत फिरा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

घणसोली_एक्सप्रेस

दादा, फार छान लिहिलंत. धागा इथेच वसूल झाला.

बाहत्तर_पार

कॅडीचा_मुलगा यांना साष्टांग. नेमकं बोट ठेवलंत.

त्यातलं तांत्रिक सांगतो. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आलीय, वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम. अगदी नवशिक्यालाही ५४ पर्यंत इंडेक्स, म्हणजे हँडिकॅपचा आकडा, मिळू शकतो, पूर्वीसारखं "आधी चांगलं खेळून दाखव" असं नाही. पण राउंड मान्यताप्राप्त कोर्सवर व्हायला हवा, बरोबर स्कोअर लिहिणारा मार्कर हवा आणि स्कोअर संलग्न क्लबमार्फत चढवायला हवा. खारघरचं कोर्स सिडकोचं, पैसे भरून कोणीही खेळू शकतं, मेंबरशिप लागत नाही, हा आपल्याकडच्या लोकांना मोठा आधार आहे. विलिंग्डन १९१८ चं, चेंबूरचं प्रेसिडेन्सी १९२७ चं, तिथे मेंबराचा हात धरल्याशिवाय आत शिरता येत नाही. तेव्हा खारघरच्या ऑफिसात जाऊन थेट विचारा की ज्युनियरचा इंडेक्स इथून काढता येईल का, नसेल तर जवळ कुठे. कोचला विचारू नका, ऑफिसला विचारा. कोच सांगेल आधी वर्षभर माझ्याकडे शिका.

खाडीकाठी

माफ करा, पण गोल्फचा एवढा उदो उदो चाललाय तर आठवण करून देतो. सीवूड्सला एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागची पाणथळ जागा गोल्फ कोर्स आणि इमारतींसाठी द्यायचा घाट घातला होता, जिथे फ्लेमिंगो उतरतात. लोक कोर्टात गेले, २०१८ मध्ये हायकोर्टाने ते रद्द केलं, मग सिडको सुप्रीम कोर्टात. मुलांना खेळू द्या, जरूर द्या, पण कांदळवन बुजवून होणाऱ्या हिरवळीवर नको.

खारघरची_माई

खाडीकाठी, सीवूड्सच्या बाबतीत तुमच्या बाजूने आहे, सकाळी टी एस चाणक्यपाशी पक्षी बघायला मीही येते. पण तो राग खारघरच्या पोरांवर का? इथलं कोर्स डोंगराच्या पायथ्याशी आहे, पांडवकड्याच्या बाजूला, आणि आहे ते आहे. आहे त्या जागेवर मेंबर नसलेली पोरं खेळणार असतील तर उलट बरंच आहे की.

खाडीकाठी

बांधताना पण "आहे ते आहे" असंच म्हणतात माई. पाण्याचं काय? मे महिन्यात कॉलनीत टँकर आणि तिकडे स्प्रिंकलर.

निवृत्त_नाना

बघा, कोणीतरी माझ्या बाजूने बोललं.

संपादक_मंडळ

गोल्फ कोर्स आणि पाणथळ जागा हा मोठा विषय आहे, त्यावर वेगळा धागा काढावा. इथे मुलांच्या स्पर्धांबद्दल चालू द्या.

मिसळीचा_कट

संपादकांनी चेंडू बंकरमधून काढला.

शिक्षिका_कळवा

मी शाळेत शिकवते, त्या बाजूने बोलते. खेळ कुठलाही असो, आठवीत आहे म्हणजे तुमच्या हातात नववी आहे, मग दहावीचं वर्ष येतं आणि नातेवाईक, क्लासवाले, शेजारी सगळे एका सुरात "एक वर्ष बंद ठेवा" म्हणतात. गोल्फमध्ये राउंडला चार-पाच तास जातात, जाणं-येणं धरून अख्खा दिवस. बॅडमिंटन संध्याकाळी दीड तासात आटपतं. तेव्हा कोलशेतकरांच्या मिसेस चुकीचं काही बोलत नाहीयेत.

पण एक बघितलंय. माझ्या वर्गात एक मुलगा गोल्फ खेळायचा. पेपरात एक मार्क जास्त पडलाय म्हणून कमी करायला तो स्वतः आला होता. बाकी पोरं त्याला वेडा म्हणाली. मला आधी वाटलं घरचे संस्कार, मग त्याची आई म्हणाली, तिकडची सवय हो मॅडम.

बाहत्तर_पार

मॅडम, ती सवय कशी लागते ते सांगतो. एका ज्युनियर स्पर्धेत, पाऊस नुकता थांबलेला, बारा-तेरा वर्षांची मुलगी. बॉल झाडाखाली, वर बदामाचं ओलं पान चिकटलेलं. तिने दोन बोटांनी पान उचललं आणि बॉल हलला, किती, तर फार तर अर्धं गिरकं. बरोबरच्या दोघी लांब, मार्कर स्वतःच्या बॉलपाशी, मी वीस पावलांवर आणि खरं सांगायचं तर मला दिसलंही नाही. तिने बॉल जागेवर ठेवला, हात वर केला, मार्करला बोलावलं आणि म्हणाली, माझ्याकडून हलला, एक स्ट्रोक लाव. ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, असता तर दंड नाही, बाहेर होता म्हणून एक. नियम तिला माझ्यापेक्षा नीट पाठ. शेवटी तिचा नंबर एका स्ट्रोकने हुकला. आई बाहेर रडवेली, पोरगी पराठा खात बसलेली.

यात अंपायर नाही हो. तुमचा स्कोअर समोरचा लिहितो, त्याचा तुम्ही, शेवटी दोघांनी सह्या करायच्या, आणि सही केलेल्या कार्डावर एखाद्या होलचा स्कोअर खऱ्यापेक्षा कमी निघाला की सरळ बाद.

मिसळीचा_कट

म्हणजे महापालिकेच्या ठेकेदारांना आधी दोन वर्षं गोल्फ खेळायला लावा.

घणसोली_एक्सप्रेस

+१११

सातारा_ते_सॅनडिएगो

बाहत्तर_पार, तुमच्या पोस्टवरून ग्वान त्यानलांग आठवला. चीनचा पोरगा. आधी इथे ज्युनियर वर्ल्ड जिंकला, मग २०१२ ला एशिया-पॅसिफिक अमॅच्युअर जिंकला आणि त्या जोरावर २०१३ ला मास्टर्सला आला, वय चौदा. दुसऱ्या दिवशी हळू खेळला म्हणून एक स्ट्रोकचा दंड बसला. चौदा वर्षांच्या मुलाला, जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत! तरी कट पार करून शेवटच्या दोन दिवसांत पोचलाच तो. आणि त्या दंडावर एक शब्द वाकडा बोलला नाही.

मुलींमध्ये थायलंडची अथाया थितिकुल तर चौदाव्या वर्षी प्रोफेशनल लोकांची युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली, २०१७ ला. लिडिया को २०१२ ला पंधराव्या वर्षी कॅनेडियन ओपन जिंकली आणि हौशी म्हणून बक्षिसाचे पैसे घेता आले नाहीत. एशियातल्या मुली या खेळात जबरदस्त पुढे आहेत, तेव्हा तुमची लेक चुकीच्या गाडीत बसलेली नाही.

घणसोली_एक्सप्रेस

एक मिनिट, जिंकून पैसे घेता येत नाहीत? मग स्पॉन्सर पण नाही चालत का? भावाला आधी हेच विचारायचं होतं.

बाहत्तर_पार

पूर्वी स्पॉन्सरशिपवर फार कडक बंधनं होती. जानेवारी २०२२ पासून हौशी खेळाडूचे नियम बदलले, आता स्पॉन्सर घेता येतो, नाव-फोटो वापरू देता येतो, खर्चाला पैसे घेता येतात. बक्षिसाच्या पैशावर मात्र मर्यादा आहे. तेव्हा भावाला सांगा, कोपऱ्यावरच्या ज्वेलर्सचा लोगो बॅगेवर चालेल.

लोकल_लेट

माझ्याकडे ज्ञान नाही पण अनुभव आहे. पुतण्याची गोल्फ बॅग ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेली. एकाने विचारलं की-बोर्ड आहे का, एकाने विचारलं फिशिंग का, तुर्भ्याला चढलेल्या काकांनी सरळ पाय ठेवायला वापरली. येताना पुतण्या म्हणाला, काका, पुढच्या वेळी रिक्षा.

सिरियसली, आता बेलापूर-पेंधर मेट्रो झालीय तर नेरूळ-बेलापूर करून सेंट्रल पार्कला उतरता येतं. पण सकाळी लवकरची वेळ असेल तर गाडीच लागते. घोडबंदरवरून निघणार असाल तर वेळेचा विचार तुम्हीच करा, माजिवड्याला काय होतं ते मी सांगायला नको.

निवृत्त_नाना

हे मात्र खरं. स्कॉटलंड राहू द्या, सकाळी माजिवडा ओलांडणं हीच क्वालिफाइंग राउंड.

खारघरची_माई

नानांकडून विनोद! या धाग्याला बक्षीस द्या.

शिक्षिका_कळवा

खर्च आणि वेळ झाला, पण नंतर काय याबद्दल कोणी लिहाल का? सगळीच मुलं काही व्यावसायिक होत नाहीत.

सातारा_ते_सॅनडिएगो

बहुतेक होत नाहीत. इथली कॉलेजं गोल्फवर शिष्यवृत्ती देतात आणि मुलींच्या टीम भरपूर आहेत, त्याचं कारण टायटल नाइन नावाचा १९७२ चा कायदा, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींशी भेदभाव चालत नाही, त्यात खेळही आले. कॉलेजचे कोच ज्युनियर स्पर्धांचे स्कोअर आणि रँकिंग बघतात. पण नुसत्या त्या आशेवर पोरीला ढकलू नका. शिष्यवृत्ती अर्धीमुर्धीही असते आणि इथली स्पर्धा भयंकर आहे. पोरगी हरल्यावर दुसऱ्या दिवशी उठून परत रेंजवर जाते का, तेवढं बघा. जात असेल तर पुढचं बोलू.

कॅडीचा_मुलगा

आणि आईबापांनी काय करायचं तेही बघा. टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोकची कॅडी तिची आई होती. रिओला वडील होते. २०२१ च्या ७ ऑगस्टला अख्खा देश पहाटे उठून बोगी म्हणजे काय ते एकमेकांना विचारत होता. रँकिंगमध्ये दोनशेवी असलेली पोरगी, एका स्ट्रोकने ब्राँझ हुकलं, चौथी आली. संध्याकाळी नीरजचं सोनं आलं आणि सगळे तिला विसरले, पण आमच्या घरी वडील दिवसभर त्या आईबद्दलच बोलत होते. बॅग कशी धरलीय बघ, मध्ये एक शब्द नाही बोलली बघ. कॅडीच कॅडीला ओळखतो.

निवृत्त_नाना

ती पहाट मीही जागा होतो. हिने चहा केला आणि विचारलं, हा बॉल आत गेला तर काय? मी म्हटलं बहुतेक चांगलं. आपल्या पुण्याचा उदयन माने पण त्याच ऑलिंपिकला होता, त्याचं फारसं कोणी बोललं नाही.

तरी माझा मुद्दा कायम आहे. सरकारी मैदानात आधी शौचालय, मग गोल्फ.

खाडीकाठी

नानांना पाठिंबा. आणि कॅडीचा_मुलगा यांच्या पोस्ट वाचून माझं एक मत थोडं हललंय हेही नोंदवतो. कोर्स असेलच तर तो सगळ्यांसाठी उघडा हवा.

कोलशेतकर

सगळ्यांचे आभार. काल ऑफिसला अर्धा दिवस टाकून खारघरला जाऊन आलो. कोचला न विचारता थेट ऑफिसात गेलो. हँडिकॅपचा कागद काय लागतो, मार्कर कोण, ज्युनियरला कुठल्या वेळा मिळतात, सगळं लिहून आणलंय. तिथल्या माणसाला आश्चर्य वाटलं की स्पर्धेबद्दल न विचारता आधी हे विचारतोय. बायकोशी तह असा झालाय की बॅडमिंटन आठवड्यात खाली कोर्टवर, गोल्फ शनिवार-रविवार, आणि दहावीचा विचार दहावीत. लेकीला ज्युनियर ओपनचं वय निघून जाईल याचं टेन्शन आलंय, तिला म्हटलं आधी ५४ तर मिळव. ती म्हणे बाबा, पटिंग म्हणजे कॅरममध्ये राणी घेण्यासारखंय, मला जमतं. बघू.

आता नवी अडचण. पोरगी डावखुरी आहे. रेंजवर उजव्या हाताचेच क्लब मिळतात, तेच घेऊन मारतेय. कोच म्हणतो तसंच शिकव. काय करावं?

बाहत्तर_पार

हे आधी सांगायचं ना! लिहिते डाव्या हाताने, पण झाडू, बॅट कशी धरते? बरीच डावखुरी मुलं बॅट उजवीच धरतात, तसं असेल तर प्रश्नच नाही. बॅट पण डावी असेल तर जबरदस्ती करू नका. आपली दीक्षा डागर डावखुरीच खेळते, जन्मापासून ऐकू येत नाही, डेफलिंपिकला सोनं आणलंय, आणि वडील बॅग उचलतात.

कोलशेतकर

बॅट डावी. कॉलनीतली पोरं तिच्यासाठी फील्ड बदलतात.

बाहत्तर_पार

मग डावाच सेट. नवा पूर्ण सेट घेऊ नका, नियमाने चौदा क्लब चालतात पण या वयात पाच-सहा पुरतात. एक हायब्रिड, सात नंबर, नऊ नंबर, एक वेज, पटर. मुलांचे सेट उंचीवर मिळतात, वयावर नाही, तेव्हा बूट घालून उंची मोजा आणि इथे टाका.

कॅडीचा_मुलगा

आमच्याकडे एका साहेबांचा डावा पटर पडून आहे, वडिलांना दिलेला. लांब आहे, कापून ग्रिप नवी बसवावी लागेल, ते मी चेंबूरला करून देतो. पैसे नकोत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

लोकल_लेट

फक्त ट्रान्सहार्बरने नेऊ नका.

कोलशेतकर

व्यनि केलाय दादा. उंची बुटांसकट पाच फूट एक.